संशोधकाच्या रकान्यात

थोरलीचं काम दुसऱ्यांच्या कल्पनांना शब्द देण्याचं. ती पेटंटची वकील होती. कुणी नवं झाकण, कुणी नवी बिजागरी, कुणी नवा पंप घेऊन तिच्या टेबलासमोर बसायचं, हातवारे करून काहीबाही सांगायचं, आणि त्या हातवाऱ्यांतून नेमकं नवं काय आहे ते थोरली चिमट्याने काढल्यासारखं वेगळं काढायची. आपण काय शोधलंय हे कितीतरी जणांना तिचा मसुदा वाचल्यावरच कळायचं. इंजिनिअरिंगला ती पहिली आली होती, पण स्वतःच्या हातांनी तिने आजवर काही बनवलं नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटत नसे. बनवणारे सगळे अशील होते, आणि अशिलांचा हेवा करायचा नसतो.

धाकटी बहीण नाटकांचं नेपथ्य उभारायची. मिटणारे पलंग, वेळेवर कोसळणाऱ्या भिंती, कळ ओढली की गडप होणारे दरवाजे. शाळेत ती गणितात आपटली होती. हुशारी सगळी थोरलीने उचलली आणि पसारा तेवढा धाकटीला उरला, असं आई पाहुण्यांसमोर म्हणायची. दोघी हसायच्या, थोरली जरा जास्त.

मग आई पडली. स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे निघाली होती; चाकांचा वॉकर पुढे पळाला आणि आई मागे राहिली. खुब्याचं हाड मोडलं. थोरलीने चांगला डॉक्टर गाठला, दिवसभरासाठी नर्स ठरवली आणि रोज फोन करायला सुरुवात केली. धाकटीने आपली हत्यारं आणि अंथरूण उचललं आणि ती आईकडे राहायलाच गेली.

काही महिन्यांनी एका सकाळी धाकटी तोच वॉकर घेऊन थोरलीच्या कचेरीत आली. लिफ्टमध्ये तो आडवा धरावा लागला होता, त्यामुळे तिच्या बाहीला ग्रीस लागलं होतं. ताई, हे पेटंट होईल का ते बघ, आईच्या व्यायामवाल्या बाई म्हणतात होईल, असं म्हणून तिने तो बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला.

दोन्ही मुठींखाली तिने स्टीलची पातळ, नागमोडी पट्टी बसवली होती. पट्टीला दोन वाक होते. साधं चालताना हातांचा जो भार पडतो तो पहिला वाक सोसायचा. माणूस कलला आणि एका मुठीवर एकदम भार आला की दुसरा वाक दबायचा, तार ओढली जायची आणि त्याच बाजूचं चाक आवळलं जायचं. पडणारा माणूस ज्या अंगाला झुकतो त्या अंगाला वॉकर आपोआप वळायचा आणि त्याला टेकू देऊन उभा राहायचा. बॅटरी नाही, बटण नाही.

कचेरीचे मोठे साहेब तिथूनच चालले होते. हा माणूस कौतुकाच्या बाबतीत इतका कंजूष, की थोरलीच्या मसुद्यावर त्यांची लाल रेघ नसली तर तेच प्रशस्तिपत्र समजायचं. त्यांनी वॉकर हातात धरला, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले आणि मुद्दाम डावीकडे झोकांडी दिली. वॉकर वळला आणि त्यांना सावरून थांबला. साहेब लहान मुलासारखे हसले. परत येताना उजवीकडे पडून पाहिलं, पुन्हा हसले. सगळी कचेरी दारादारात गोळा झाली. हे सुचलं कसं, असं त्यांनी धाकटीला विचारलं, आणि ती म्हणाली की सुचलं वगैरे काही नाही, आई कशी कशी पडायला होते ते बघत बसले.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. इतकी वर्षं तिने त्या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं. तिने तोंडदेखलं स्मित केलं, आणि तिला जाणवलं की दात आवळलेले आहेत.

मसुदा तिनेच लिहायला घेतला. दुसऱ्या कुणाला दिला असता तर लोक काय म्हणाले असते. लिहिता लिहिता ती दोन वाकांच्या परिच्छेदाशी आली. सगळं मर्म त्यातच होतं. एका वाकाची पट्टी एक तर ऊठसूट दबायची, नाही तर दबायचीच नाही. थोरलीने ते इतकं नेटकं लिहिलं की वाचताना तिला वाटलं, हे धाकटीला एवढं स्पष्ट कळलेलं तरी आहे का? आणि तेव्हा तिला तो फोन आठवला.

पट्टी ऐकत नाही म्हणून धाकटीने एकदा भर कामाच्या वेळी फोन केला होता. थोरली घाईत होती. आपण तिला काहीतरी बोललो होतो, हे तिला आठवलं. त्यात ‘दोन’ असं काही होतं, हेही आठवलं. घरी जाताना बसमध्ये ती त्याच विचारात होती. भाजी चिरतानाही तेच. हळूहळू सगळं वाक्यच तिच्या कानात उभं राहिलं: मग दोनदा वाकव ना. हे आपणच म्हणालो होतो. सहज, जाता जाता. हुशार माणसं असंच बोलतात आणि विसरून जातात, आणि इतर लोक त्यावर इमले बांधतात.

एकदा हे मनात बसल्यावर तिला दुसरं काही सुचेना. ज्याच्यावरून साहेब हसले, कचेरी दारात गोळा झाली, ते तिचं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

खरं तर संशोधक कुणाला म्हणायचं हे थोरलीइतकं कुणाला माहीत नव्हतं. एकदा एक कारखानदार आपल्या कामगाराच्या शोधावर स्वतःचं नाव घालायला हटून बसला होता. यंत्र माझं, वीज माझी, त्याला रोज चहा पाजला तोही माझा, असं त्याचं म्हणणं. चहा पाजणारा संशोधक नसतो, असं थोरलीने त्याला तोंडावर सांगितलं होतं. पुढे तरुण वकिलांपुढे दिलेल्या व्याख्यानातही तिने हे वाक्य वापरलं आणि त्याला भरपूर टाळ्या पडल्या.

पण हा काही चहा नव्हता. ही कल्पनाच होती. तिने धाकटीला विचारायचं ठरवलं.

आईकडे जेवणं झाली होती, धाकटी भांडी विसळत होती. थोरलीने ताटं पुसत, आवाज शक्य तितका साधा ठेवत विषय काढला. दोन वाकांचं मीच सुचवलं होतं, आठवतं का, त्या फोनवर? कायद्याने मग नाव दोघींचं लागतं, म्हणून विचारते, असंही ती म्हणाली. धाकटीचे हात पाण्याखाली थांबले. तिने बहिणीकडे बघितलं.

“घाल की तुझं नाव,” ती म्हणाली. “त्यात विचारायचं काय?”

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. पण अंगाचा तिळपापड झाला. हक्काने घ्यायची गोष्ट धाकटीने ताटातला घास काढून द्यावा तशी दिली होती. घासाघीस केली असती, भांडली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं. संशोधकाच्या रकान्यात तिने दोन नावं लिहिली. आपलं वर लिहिलं. वयाने मोठी म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःच्याच पेटंटची वकिली बरी दिसत नाही म्हणून फाइल कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे सोपवली, तीही सगळा मसुदा तयार करून.

पेटंट मिळालं. धाकटीने नेपथ्याच्या शेडमध्येच दोन सुतार आणि एक वेल्डर घेऊन वॉकर बनवायला सुरुवात केली. दवाखान्यांतून मागणी येऊ लागली. एका वर्तमानपत्राने मोठा फोटो छापला: आई वॉकर धरून उभी, शेजारी धाकटी, केस विस्कटलेले, बाहीला नेहमीचं ग्रीस. थोरली त्या दिवशी मुद्दाम ठेवणीतले कपडे घालून गेली होती आणि फोटोतही उभी राहिली होती. छापताना कडेचा भाग कापला गेला. बातमीत एक ओळ होती की कायदेशीर बाजू त्यांच्या भगिनींनी सांभाळली. थोरलीने ती ओळ इतक्या वेळा वाचली की ‘भगिनी’ हा शब्दच तिला परका वाटायला लागला. कुणी अभिनंदन करायला आलं की ती हसून सांगायची, अहो, मुख्य कल्पना माझीच, हातकाम तिचं. हे सांगताना धाकटी आसपास नाही ना, तेवढं बघायची.

मग दवाखान्यांचं फर्निचर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने हुबेहूब तसाच वॉकर बाजारात आणला. पट्टी तीच, वाक दोनच, रंग फक्त निळा. मोठ्या साहेबांनी धाकटीच्या वतीने दावा लावला. कंपनीने उत्तरात नक्कल नाकारलीच नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: या पेटंटवर जिने काही शोधलेलं नाही अशा बाईचं नाव संशोधक म्हणून आहे, ती बाई स्वतः पेटंटची वकील आहे, म्हणजे हे अजाणता झालेलं नाही, म्हणून सगळं पेटंटच रद्द करा. थोरलीला साक्षीला बोलावणं आलं.

साहेबांनी तिला खोलीत बोलावून एवढंच विचारलं, की दोन वाक तुझे आहेत ना. ती हो म्हणाली. मग तारीख आणि प्रसंग नीट आठवून ठेव, असं ते म्हणाले.

नीट आठवायचं म्हणून ती दुपारीच आईकडे गेली. धाकटी शेडवर होती. आई खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. तो फोन आला तेव्हा तू खोलीत होतीस का, असं थोरलीने विचारलं. होते ना, आई म्हणाली, हिचे हात कामात होते म्हणून फोन मोठ्या आवाजात लावला होता. मग तर तू ऐकलंच असशील मी काय म्हणाले ते, असं म्हणत थोरली पुढे सरकून बसली.

“ऐकलं की,” आई म्हणाली. “तू म्हणालीस, दोनदा विचार कर, कशाला वेळ घालवतेस, दुकानातून नवा आण. आणि ही म्हणाली, थांब ताई, दोनदा, आणि फोन ठेवून दिलान. मग दुपारभर ठोकत बसली. मला चहासुद्धा मिळाला नाही.”

आई पुढच्या शेंगेकडे वळली होती. थोरलीला आधी आईचा राग आला. म्हातारपणी कान दगा देतात, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण दोनदा विचार कर हे तिचंच वाक्य होतं. ती ते अशिलांना सांगायची, नवऱ्याला सांगायची, धाकटीला तर लहानपणापासून सांगत आली होती. ‘दोनदा वाकव’ असं ती कधी बोललीच नसती. वाकवणं, ठोकणं हे तिच्या बोलण्यातले शब्दच नव्हते.

ती उठली आणि थेट शेडवर गेली. धाकटी जमिनीवर मांडी घालून चाकं बसवत होती. लाकडाचा भुसा, रंगाचे डबे, कोपऱ्यात कुठल्या तरी जुन्या नाटकातला अर्धा जिना. थोरलीने उभ्याउभ्याच विचारलं की फोनवर मी खरं काय म्हणाले होते ते तुला माहीत होतं का.

धाकटीने पाना खाली ठेवला. हो, माहीत होतं, ती म्हणाली. शब्द तरी तुझाच होता, असं मी मनाला समजावलं. थोरली म्हणाली की शब्द म्हणजे कल्पना नव्हे, आणि खोटं नाव घातलं तर पेटंट जाऊ शकतं, हे मी तुला सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं ते मीच. मग तिचा आवाज चढला. तू तेव्हाच ‘नाही’ का म्हणाली नाहीस, एवढं सगळं पणाला लावून गप्प का बसलीस?

“तू मागितलंस म्हणून,” धाकटी म्हणाली. “जन्मात तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस, ताई. माझ्याकडे तुला द्यायसारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.”

मग तिने विचारलं की मी कोर्टात काय सांगू. तू म्हणशील ते सांगेन. थोरलीला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. ती तिथून निघाली आणि घरापर्यंत चालत गेली.

त्या चालण्यात तिला पश्चात्ताप वगैरे झाला असं नाही. तिला हेवाच वाटत होता, आधीपेक्षा जास्त. आधी वॉकरचा वाटत होता, आता मनाच्या त्या मोठेपणाचाही वाटू लागला. तेही धाकटीकडेच होतं. घर आलं तेव्हा तिला एवढं दिसलं, की उद्या खोटं बोलून नाव टिकवलं तर त्या रकान्यात ते बहिणीने दिलेली भीक म्हणून राहील. ते तिला सोसणार नव्हतं. माणसं कधी कधी खरं बोलतात ती अशा कारणांनीही.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा आवाज करत होता. कंपनीचा वकील तरुण होता, नम्र होता, आणि थोरलीचं व्याख्यान त्याने विद्यार्थी असताना ऐकलं होतं. त्याने तिच्याच शब्दांत संशोधकाची व्याख्या वाचून दाखवली, चहाच्या वाक्यासकट. न्यायाधीशबाई किंचित हसल्या. मग त्याने विचारलं की पट्टीला दोन वाक द्यावेत ही कल्पना आपली होती का.

थोरलीला पळवाट माहीत होती. आमच्या बोलण्यात दोनदा हा शब्द माझ्याकडून आला होता, असं ती म्हणू शकली असती. ते खरं होतं, आणि कसलेल्या वकिलाने त्यावर दिवसभर वाद घातला असता. धाकटी मागच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होती.

“नाही,” थोरली म्हणाली. “कल्पना माझ्या बहिणीची आहे. सगळी.”

मग आपलं नाव तिथे कसं, असं त्याने विचारलं, आणि तो स्वतःच थोडा गोंधळलेला वाटला.

“मला हवं होतं म्हणून घातलं.”

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. पण ते मुरलेले वकील होते. नाव दुरुस्त करून मिळावं असा अर्ज त्यांनी त्याच दिवशी दिला. कंपनीने कडाडून विरोध केला. न्यायाधीशबाईंनी निकालात लिहिलं की जिने शोधलं तिचं नाव पहिल्यापासून पेटंटवर आहे, तिचा हक्क कुणी नाकारलेला नाही, जास्तीचं नाव काढून टाकता येतं, आणि वकिलाच्या चुकीसाठी संशोधकाला शिक्षा देता येत नाही. पेटंट टिकलं. कंपनीने निळे वॉकर मागे घेतले आणि काही काळाने धाकटीशी रीतसर परवान्याचा करार केला.

थोरलीची सनद शिस्तपालन समितीने एका वर्षासाठी काढून घेतली. साहेबांनी तिला बोलावलं आणि खुर्ची दिली. मग म्हणाले की वर्ष संपलं की ये. मसुदा मात्र उत्तम होता, दावा टिकला तो त्या मसुद्यामुळेच. इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक होतं. ते अशा दिवशी मिळाल्यामुळे थोरलीला ते कुठे ठेवावं ते कळलं नाही.

धाकटीशी तिचं बोलणं तुटलं नाही. आईकडे जेवायला जाणं चालू राहिलं. पण धाकटीने नवं काही दाखवायला काढलं की थोरलीच्या मनात तोच जुना हेवा उठायचा, आणि तो ओळखीचा झाल्यामुळे कमी व्हायचा असंही नाही. एवढंच, की आता ती त्या हेव्याला न्याय, हक्क, कल्पना अशी नावं देत नसे.

सनद नसलेल्या त्या वर्षात ती एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती. शेजारी एक आजोबा आले, वॉकर ढकलत. मुठींखाली नागमोडी पट्टी होती. बसता बसता ते कलले, वॉकर वळला, आणि ते खुर्चीत नीट टेकले. थोरली बघतेय हे पाहून त्यांना बोलायला निमित्तच मिळालं. फार डोकेबाज वस्तू आहे, ते म्हणाले, कुठल्या तरी परदेशी कंपनीने काढलीय, आपल्याकडे कुणाला सुचायचं नाही असलं.

धाकटीचं नाव या माणसाला माहीत नाही, हे ऐकून थोरलीला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिने जरा वेळ तसंच राहू दिलं.

“माझ्या बहिणीने बनवलंय ते,” मग ती म्हणाली.

आजोबांचा विश्वास बसेना. तिने त्यांना पट्टीचे दोन वाक दाखवले, कुठला कधी दबतो ते सांगितलं, तार कुठून जाते ते दाखवलं. ती फार छान समजावत होती. आजोबा मान डोलावत राहिले. मग त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं की एवढं सगळं कळतंय, तर तुमचाही हातभार असेल यात.

“नाही,” थोरली म्हणाली. “तिचं एकटीचं आहे.”

आतून तिचा नंबर पुकारला गेला. ती उठली, आणि आजोबांचे पाय वाटेत होते म्हणून वॉकर जरासा बाजूला सरकवून आत गेली.